कीबोर्डाशेजारची जागा

“...मग दोघांतलं चुकतंय कोण, आप्पा? माझा गोळा, की तुमचा कीबोर्ड?”

वैजनाथनं हे विचारलं तेव्हा रेवणआप्पांचा उजवा हात माऊसच्या जागी बसवलेल्या त्या गोळ्यावरच होता. त्यांनी गोळा हलकेच फिरवला. पडद्यावरचं पोथीचं पान बोटभर वर सरकलं.

“गोळा लई छान झालाय,” आप्पा म्हणाले.

“ते तुम्ही रोज म्हणता.”

“रोज छानच असतोय की.”

आप्पांनी हात उचलून पुन्हा कीबोर्डवर आणला. आणताना मध्येच थोडे थांबले, ओठ मिटले, आणि मग पुढची ओळ टाइप करू लागले. ते थांबणं मी पाहिलं आणि वैजनाथनंही पाहिलं.



तेरणेच्या काठी आमचा लहानसा मठ आहे. रेवणआप्पा तिथले स्वामी. मी महानंदा. कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला आणि पोथ्यांच्या कपाटाचीही किल्ली त्याच जुडग्यात. कुणाला दोन घास जास्त वाढायचे आणि कुणाला दोन शब्द जास्त ऐकवायचे, हे मठात मीच ठरवते.

मठाची एक पोथी आहे. मठ ज्यांनी उभा केला त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली. शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही, अक्षरांची वळणं त्यांची स्वतःची, आणि ओळी सगळ्या उजवीकडे उताराला लागलेल्या. ते वळण आप्पांच्या गुरूंना वाचता येत असे. त्यांना आम्ही मोठे महाराज म्हणायचो. त्यांनी आप्पांना शेजारी बसवून शिकवलं. आता ती पोथी वाचणारं माणूस या जगात एकच उरलेलं आहे.

पानं हात लावला की तुटायला लागली, म्हणून त्यांचे फोटो काढून ठेवले. मूळ पोथी रेशमी कापडात बांधून कपाटात गेली. आप्पा पडद्यावर वरच्या बाजूला पानाचा फोटो लावायचे आणि खाली सरळ अक्षरांत टाइप करायचे. आमच्या लेखी पडद्यावरची तीही पोथीच. कॉम्प्युटर सुरू करण्याआधी आप्पा त्याला हात जोडत. मी तर त्याच्या कडेला विभूतीचे तीन पट्टेही ओढून ठेवले होते. आप्पा हसले होते, पण पुसा म्हणाले नाहीत.

पोथी अर्ध्यावर आली आणि आप्पांचा उजवा खांदा धरला.

आधी ते काही बोलले नाहीत. मला कळलं ते पूजेच्या वेळी. आमच्यात रोज सकाळी गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतात, आणि उजव्या हातानं त्याला पाणी, विभूती, बेल वाहतात. आप्पा पूजेला बसले की मी समोरून हलत नसे, इतकं ते बघण्यासारखं असे. एके दिवशी पाहिलं तर विभूती लावायला उजवा हात कपाळापर्यंत जाईना. मग त्यांनी कपाळच हाताकडे खाली आणलं.

लातूरच्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं, दंड वळवून पाहिला, आणि दोष माऊसवर ठेवला. हात असा अंगापासून लांब नेऊन दिवसभर काम केलं तर तो कायमचा आखडेल, मग माऊस राहिला बाजूला, कीबोर्डवरही हात ठेवता येणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. मी विचारलं की काम बंद ठेवलं तर? ते म्हणाले, उत्तम. आप्पा नुसते हसले.

काम बंद म्हणजे पोथी अर्धी. आणि आप्पांच्या मागं ती वाचणार कोण? पुढं कुणाला शिकवायचं म्हटलं तरी मूळ पानाशेजारी ठेवायला आप्पांनी वाचलेलं पान हवं. म्हणजे त्या म्हाताऱ्या खांद्यावर सगळी पोथी येऊन बसली होती.

आम्हीही डोकं लढवलं नाही असं नाही. आप्पांनी वाचावं आणि दुसऱ्या कुणी टाइप करावं, असं करून पाहिलं. पण मोठ्यानं वाचायला लागले की आप्पा गायला लागतात, आणि गायला लागले की थांबत नाहीत. लिहिणारा बिचारा हात बांधून ऐकत बसायचा. मग पान सरकवायला मी शेजारी बसून पाहिलं. माझ्या सरकवण्याच्या वेळा आणि त्यांच्या नजरेच्या वेळा जुळेनात. कीबोर्डवरच्या बाणांनी पान सरळ वरखाली जातं, पण ओळी तर उताराच्या. तिरपं पान ओढायचं तर माऊस पाहिजेच.

आणि माऊस फार लांब होता, कारण कीबोर्ड फार लांब होता.

आप्पांचा कीबोर्ड हे एक वेगळंच प्रकरण आहे. जुना, वजनाला पाट्यासारखा, मागच्या बाजूला उंच. उजव्या अंगाला आकड्यांच्या बटणांचा वेगळा चौक. अक्षरं कधीच पुसून गेलेली, बटणं बोटांच्या घामानं गुळगुळीत झालेली. आवाज असा की मी कोठीत तांदूळ निवडत असले तरी आप्पा ओळीच्या मध्ये आहेत की शेवटी, ते मला कळावं. लोकांनी भक्तीनं नवे पातळ कीबोर्ड आणून दिले. त्यांचे नव्याचे नऊ दिवससुद्धा झाले नाहीत. आप्पा एखादी ओळ टाइप करून बघायचे, आणलेल्याचं कौतुक करायचे, आणि जुनाच पुढं ओढायचे.

अशात वैजनाथ फुलारी आला.

त्याचे वडील आप्पांचे शिष्य होते. तो पुण्यात, दवाखान्यांसाठी हातात धरायची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पाया पडून उठता उठताच तो म्हणाला, “आप्पा, तुमचा हात माझ्यावर सोपवा.”

मला ते बोलणं जरा जास्त वाटलं. पण कामाला बसला आणि मी गप्प झाले. खरं सांगायचं तर त्याचं काम बघायला मी कोठीतली कामं टाकून येऊ लागले.

त्यानं माऊस काढूनच टाकला. त्याच्या जागी लाकडाचा एक उंचवटा केला आणि त्यात सुपारीहून मोठा एक गोळा बसवला. उंचवटा जागचा हलत नाही. बोटांनी गोळा फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो, आणि शेजारचं बटण दाबून फिरवला की पान हवं तसं तिरपं सरकतं. पहिला कच्चा नमुना साधा होता, वाटी पालथी घातल्यासारखा. तो चालतो म्हटल्यावर त्यानं तो गोळ्यासकट खिडकीत ठेवून दिला आणि खऱ्या कामाला लागला. माझ्याकडून कणीक मळून घेतली. आप्पांचा उजवा हात तिच्यात दाबून ठसा घेतला. हात दाखवून अवलक्षण होऊ नये म्हणजे झालं, असं मी म्हटलं तर आप्पाच हसले. त्या ठशावरून त्यानं जुनं सागवान कोरलं, घासलं, तेल पाजलं. अंगठ्याला खाच, करंगळीला टेकू. आप्पांनी हात ठेवला तर हात त्यात असा बसला की दोन्ही मिळून एकच वस्तू वाटावी.

“आता कीबोर्ड बदलू,” वैजनाथ म्हणाला. “हा आकड्यांचा चौक नसलेला घेऊ. गोळा वीतभर आत येईल. दुखणं संपलं.”

आप्पांनी कीबोर्डवरची बोटं उचलली नाहीत.

“लेकरा, बसलेल्याला उठवून पाहुण्याला जागा द्यायची व्हय?”

वैजनाथला हे पटलं नाही. वस्तूला कसला आलाय मान, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण त्यानं मान खाली घातली आणि जुन्या कीबोर्डशी जमवून घ्यायच्या मागं लागला. इथं मात्र मी त्याला मानलं. आपली वस्तू चांगली असताना दुसऱ्याच्या जुन्या वस्तूपुढं मान तुकवायला फार मोठं मन लागतं. ते त्याच्याकडे होतं, फक्त अजून त्याच्या लक्षात आलेलं नव्हतं.

गोळा उजवीकडे ठेवला. कीबोर्ड उंच, गोळा ठेंगणा. हात दर ओळीला जिन्यावरून उतरावा तसा उतरायचा आणि परत चढायचा. वैजनाथनं गोळ्याखाली घालायला लहानसा पाट केला. उंची बरोब्बर जमली, मनगट सरळ झालं. बाण फार पळत होता, त्याला संथ केलं. आप्पांच्या नजरेच्या चालीनं पान सरकू लागलं. सगळं छान. पण गोळा होता तिथंच, आकड्यांच्या चौकापलीकडे.

मग त्यानं आकड्यांच्या बटणांवरून एक पूल बांधला आणि गोळा त्या पुलावर चढवला. दिसायला मोठं देखणं. पण पानांना क्रमांक घालताना आप्पांना पुलाखाली बोटं घालून आकडे चाचपावे लागत, पाळण्याखाली गेलेला खुळखुळा शोधावा तसे. तेही आप्पा हसत हसत करत होते. वैजनाथनंच पूल काढला.

मग गोळा कीबोर्डच्या पुढं, मधोमध आणला. आता लांब जायलाच नको. पण शब्द सोडवून जागा टाकायला अंगठा आपटला की मनगट गोळ्याला लागायचं आणि पान उडी मारून कुठच्या कुठं जायचं. एकदा तर संपूर्ण प्रकरण पडद्यावरून सरकून गेलं. आप्पा म्हणाले की मठाच्या मूळ पुरुषालाही हे प्रकरण लिहिताना असाच कंटाळा आला असेल. गोळा परत उजवीकडे गेला.

प्रत्येक वेळी आप्पा म्हणत, छान झालाय. आणि खरंच प्रत्येक वेळी तो आधीपेक्षा छान झालेला असे. वैजनाथ रंध्याचा भुसा झटकत उठे, चेहरा फुललेला. आणि प्रत्येक वेळी आप्पांचा खांदा तसाच. सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची? हे मी आप्पांना म्हणणार होते, पण त्या पोराची बोटं कापलेली दिसत होती, म्हणून नाही म्हटलं.

एक दिवस मी मेज पुसत होते. कीबोर्डच्या डाव्या अंगाला हात फिरवला तर तिथं सगळी मोकळी जागा. आकड्यांचा चौक नाही, काही नाही. कीबोर्ड संपतो तिथं लगेच मेज. मी सहज म्हटलं, इकडं ठेवून बघ की.

वैजनाथ कोरत होता तो थांबला.

“मावशी, मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं ते.”

“मग?”

“पोथी आहे ती.”

मी जीभ चावली. पोथीला डावा हात लावायचा नाही, हा मोठ्या महाराजांचा दंडक. पान उलटायचं ते उजव्या हातानं, कापड बांधायचं ते उजव्यानं. बटणं दाबणं हे आपलं लिहिणं, त्याला दोन्ही हात चालत; पण पान सरकवणं म्हणजे पोथीला हात लावणंच. आप्पा लहान असताना डाव्या हातानं पान धरलं म्हणून त्यांना पोथीसमोरून उठवलं होतं, ही गोष्ट मठात सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या पुण्याच्या पोराचं फार कौतुक वाटलं. नियम मोडून सोय तर कुणीही करील, हा नियम पाळून करायला निघाला होता. त्या दिवशी मी त्याला तुपाची धार जरा जास्त सोडली.

तर, त्यानं ते विचारलं, चूक गोळ्याची की कीबोर्डची, त्या दिवशीची दुपार.

मी ताक घेऊन गेले. दारात वैजनाथ उभा होता, हातात काचकागद, आत पाय टाकावा की नाही अशा विचारात. मी त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं.

आप्पांची ओळ संपली. त्यांनी उजवा हात उचलायला घेतला, आणि तो उचलला गेला नाही. ते थोडे थांबले. मग डाव्या हातानं त्यांनी उजव्या हाताचं कोपर धरलं, झोपलेलं मूल उचलावं तसा तो हात उचलला, आणि नेऊन गोळ्यावर ठेवला. गोळा फिरवला. पान सरकलं. पुन्हा डाव्या हातानं तो उचलून कीबोर्डवर आणून ठेवला.

आणि पुढची ओळ सुरू केली.

हे कधीपासून चाललं होतं कुणास ठाऊक. आमची चाहूल लागली की आप्पा तसं करत नसणार.

वैजनाथ आत गेला. जाऊन आप्पांच्या पायांशी खाली बसला. हुशार माणूस रडताना फार अवघडून रडतो, तसा तो रडला.

“मी उद्या जातो, आप्पा,” तो म्हणाला. “गोळा घेऊन जातो. पोथी थांबवा.”

“कामून?”

“तुमचा हात जाईल. माझ्यामुळं जाईल.”



आप्पांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. उजवा गोळ्यावरच होता.

“गोळा ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “त्याची काय चूक न्हाई. कीबोर्डची बी न्हाई.”

“मग कुणाची?”

“बघतो.”

एवढंच. मला वाटलं, समजूत घालायची म्हणून म्हणाले. त्या संध्याकाळी वैजनाथ जेवला नाही. मीही त्याला आग्रह केला नाही. मीच माझं ताट बाजूला सारलं होतं, तर त्याला कोणत्या तोंडानं सांगू?

सकाळी आप्पा नेहमीसारखे पूजेला बसले. मी समोर बसले. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातानं पाणी. उजवा हात पाणी वाहताना थरथरत होता आणि पाणी थोडं बाहेर सांडलं. डावा हात छातीसमोर जसा धरला होता तसाच, निवांत. बेल वाहून झाला. आप्पांनी लिंग भाळाला लावलं, करंड्यात ठेवलं, करंडा गळ्यात सोडला. पूजा संपली.

पण आप्पा उठले नाहीत. तो डावा तळहात त्यांनी तसाच समोर धरून ठेवला. आता त्याच्यावर काही नव्हतं. ओला तळहात नुसता. आणि आप्पा त्याच्याकडे बघत होते, ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं आणि नाव आठवू नये तसे. मला वाटलं त्यांना बरं वाटत नाही. विचारणार, तेवढ्यात ते हसले. कुणाला दाखवायला नाही, आपलं आपल्याशीच. मोठ्या महाराजांच्या तसबिरीकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही.

मग उठून ते मेजाशी गेले.

वैजनाथची पिशवी दाराशी बांधून ठेवलेली होती. तो स्नान करून आला, मेजाच्या पलीकडे कोपऱ्यात त्यानं आसन टाकलं, आणि जाण्याआधीची पूजा मांडली. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं. डोळे सुजलेले होते. पूजेत बोलायचं नसतं, त्यामुळं आम्ही कुणीच बोललो नाही.

आप्पांनी मला खुणेनं खिडकीतला तो पहिला कच्चा नमुना मागितला. पालथ्या वाटीसारखा, कुणाच्याच हाताचा नसलेला. मी धूळ पुसून दिला. त्यांनी उजवीकडचं कोरलेलं सागवान उचलून, त्याला कपाळ लावून, बाजूला नीट ठेवलं. वैजनाथनं केलेला पाट तेवढा ओढून घेतला. आणि पाट कुठं ठेवतात हे बघायला मी थांबले नाही, दूध उतू चाललं होतं.

कोठीत गेले. कीबोर्डचा आवाज सुरू झाला.

दूध उतरवलं, तांदळाचं सूप पुढं ओढलं. आवाज चालूच. मी सवयीनं थांबायची वाट बघत होते. ओळ संपते, मग शांतता, त्या शांततेत आप्पांचा खांदा दुखतो, मग पुन्हा आवाज. किती दिवस मी त्या शांतता न मोजता ऐकल्या होत्या. पण आज ती शांतता येईचना. ओळ संपायची, श्वास घ्यावा एवढंच थांबायचं, आणि लगेच दुसरी ओळ. मोठे महाराज होते आणि आप्पा त्यांच्याजवळ बसून वाचायचे, तेव्हा असं अखंड वाचायचे.

मी सूप तसंच टाकून उठले.

आप्पा ताठ बसलेले. दोन्ही खांदे एका पातळीत, कितीतरी दिवसांनी. उजवा हात कीबोर्डवर, तिथून हलतच नव्हता. आणि डावा हात ओळ संपली की अलगद बाजूला होऊन, कीबोर्डला चिकटून ठेवलेल्या त्या कच्च्या नमुन्यावर टेकत होता. कुठं लांब जाणं नाही, उतरणं नाही, चढणं नाही. पाटानं उंची बरोबर केली होती. बाण वैजनाथनं लावून दिलेल्या संथ चालीनं चालला होता. गोळा फिरे, उताराची ओळ नजरेसमोर येई, आणि हात परत आपल्या अक्षरांवर. जुना कीबोर्ड तसूभरही जागचा हलला नव्हता. जणू त्याच्या डाव्या अंगाला ती जागा कधीची राखून ठेवलेली होती.

मला इतका आनंद झाला की मी दाराची चौकट धरली. आणि लगेच घाबरले, कारण तो डावा हात होता.

कोपऱ्यातून आवाज आला.

“आप्पा...”

वैजनाथनं पूजेत तोंड उघडलं होतं. बेलाचं पान उजव्या हातात तसंच, डोळे आप्पांच्या हातावर खिळलेले. चेहऱ्यावर काय होतं ते सांगता येत नाही. आप्पांचे खांदे त्यालाही दिसत होते. आपण केलेली वस्तू शेवटी चालली, हेही दिसत होतं. तरी त्याचा चेहरा उतरला होता.

आप्पांनी ओळ पुरी केली.

“डावा हात, आप्पा.”

आप्पांचा डावा हात पुन्हा त्या नमुन्यावर टेकला.

“पोथी आहे ती. मोठ्या महाराजांचा दंडक आहे. मी म्हणून इतके दिवस...” त्याचा आवाज फाटला. “ती जागा मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. तुमचा हात जात होता तरी मी तिकडं ठेवलं नाही. डाव्या हातानं कसं चालेल, आप्पा?”

आप्पा खुर्चीतल्या खुर्चीत त्याच्याकडे वळले. अगदी प्रेमानं त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांची नजर हळूहळू खाली आली, त्याच्या छातीशी थांबली. वैजनाथचा सगळा देह हुंदक्यानं हलत होता, फक्त एक तळहात तेवढा स्थिर होता. त्यावरचं पाणीसुद्धा हललं नव्हतं.

“चालत न्हाई म्हणतोस?”

“नाही चालत, आप्पा.”

“बरं,” आप्पा म्हणाले. “मग तुझ्या त्या हातावर देव बसलाय, त्याला आधी उठीव.”